कागद कधी उघडणार? : एपस्टीन प्रकरण आणि भाकितांचा बाजार

एखाद्या गाजलेल्या फौजदारी प्रकरणातील जे कागद सरकारच्या ताब्यात आहेत ते लोकांसमोर केव्हा येतील, किती येतील आणि त्यांत कोणाकोणाची नावे असतील, यावर पैसे लावण्याची सोय अमेरिकेत गेल्या काही वर्षांत झाली असून, जेफ्री एपस्टीन प्रकरणाच्या निमित्ताने २०२५ मध्ये ती ठळकपणे लोकांच्या नजरेस आली. पॉलिमार्केट आणि कालशी या दोन कंपन्यांनी या प्रकरणाच्या कागदपत्रांविषयी निरनिराळे सौदे खुले केले, त्या सौद्यांचे भाव बातम्यांत दिले जाऊ लागले, आणि चढलेला भाव म्हणजे सत्य बाहेर येण्याची वाढलेली शक्यता, असे अनेकांना वाटू लागले. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे पाहायचे तर या बाजाराची घडण आणि अमेरिकेतील न्यायालयीन गोपनीयतेचे नियम या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून तपासाव्या लागतात.

ज्याला ‘प्रेडिक्शन मार्केट’ म्हणजे भाकितांचा बाजार म्हणतात, त्यात भविष्यातील एखाद्या घटनेविषयी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल असा प्रश्न मांडला जातो आणि प्रत्येक उत्तराचा कागद विकत घेता येतो. घटना ठरल्या मुदतीत घडली तर ‘होय’च्या कागदाचा एक डॉलर मिळतो, घडली नाही तर काहीच मिळत नाही. त्यामुळे ‘होय’चा कागद ३० सेंटला विकला जात असेल तर ती घटना घडण्याची शक्यता बाजाराच्या मते सुमारे ३० टक्के आहे, असे मानण्याची रीत पडली आहे. हे मानणे ढोबळमानानेच खरे असते, कारण मुदत लांब असेल तर पैसे अडकून पडण्याची किंमत भावात मिसळते आणि जवळजवळ अशक्य असलेल्या गोष्टींचे कागदही आशेपोटी चार-पाच सेंटला खपतात. कालशी ही कंपनी २०१८ मध्ये स्थापन झाली आणि वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या सीएफटीसी या संघीय आयोगाने २०२० मध्ये तिला मान्यता दिली. २०२० मध्येच सुरू झालेल्या पॉलिमार्केटचे व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राखल्या जाणाऱ्या सामाईक खातेवहीवर, डॉलरशी जोडलेल्या डिजिटल चलनात होतात. नोंदणीशिवाय धंदा केल्याबद्दल २०२२ मध्ये सीएफटीसीने या कंपनीला १४ लाख डॉलरचा दंड केला, तेव्हा तिने अमेरिकी ग्राहकांसाठी आपली दारे बंद केली, आणि २०२५ च्या अखेरीस परवानाधारक कंपनी विकत घेऊन ती पुन्हा अमेरिकेत आली. संघीय कायद्याच्या दृष्टीने हे सौदे वायद्यांच्या जातीचे आहेत. अनेक राज्ये मात्र त्यांना सरळ जुगार समजतात आणि या मतभेदाचे खटले अमेरिकी न्यायालयांत चालू आहेत.

अशा बाजाराच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो त्याचे मूळ फ्रीडरिख हायेक या अर्थशास्त्रज्ञाच्या १९४५ मधील निबंधात सापडते. समाजातील ज्ञान कोणा एकाजवळ एकवटलेले नसते, ते असंख्य माणसांत थोडे थोडे विखुरलेले असते आणि किंमत हीच ते गोळा करणारी यंत्रणा असते, असे त्याचे प्रतिपादन होते. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये अध्यक्षीय निवडणुकीवर सुरू केलेल्या छोट्या प्रायोगिक बाजाराने या विचाराला आधार दिला, कारण मतदारांची मते खरोखरच विखुरलेली असतात आणि हजारो लोकांच्या अंदाजांची बेरीज एखाद्या पंडितापेक्षा बरी ठरू शकते. सरकारी कागदांच्या प्रश्नाला मात्र हे गृहीतक लागू पडत नाही. कागद उघडायचे की नाही हे मूठभर अधिकारी, काही न्यायाधीश आणि कायदेमंडळातील मोजके सदस्य ठरवतात, त्यामुळे याविषयीचे ज्ञान विखुरलेले नसून एकवटलेले असते. ज्याच्या सहीवर निर्णय अवलंबून आहे त्याला ते ठाऊक असते, बाकीचे त्याच्या मनाचा अंदाज बांधत असतात, आणि न जाणणाऱ्या लाखभर लोकांच्या अंदाजांची सरासरी काढल्याने त्यांच्या अज्ञानाचे ज्ञान होत नाही.

एपस्टीन प्रकरणाचा इतिहास पाहिला म्हणजे कागदांची ही मागणी इतकी तीव्र का झाली ते कळते. २००५ मध्ये फ्लोरिडातील पाम बीचच्या पोलिसांनी या धनाढ्य वित्त-व्यावसायिकाविरुद्ध अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा तपास सुरू केला. तपासात अनेक मुलींच्या तक्रारी पुढे आल्या असतानाही २००७ मध्ये संघीय सरकारी वकिलांनी त्याच्याशी खटला न भरण्याचा समझोता केला आणि २००८ मध्ये राज्याच्या न्यायालयात दोन गुन्हे कबूल करून तो १८ महिन्यांच्या शिक्षेपैकी सुमारे १३ महिने भोगून सुटला. त्या काळातही दिवसा कार्यालयात जाऊन काम करण्याची सवलत त्याला होती. हा समझोता पीडित मुलींपासून लपवून ठेवण्यात आला होता, आणि पुढे जो अविश्वास साचत गेला त्याचे मूळ या लपवालपवीत आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘मायामी हेरल्ड’ या वृत्तपत्राच्या ज्युली ब्राउन यांनी हे सारे लेखमालेतून मांडल्यावर प्रकरण पुन्हा उभे राहिले, जुलै २०१९ मध्ये एपस्टीनला संघीय आरोपांखाली अटक झाली आणि १० ऑगस्टला तो न्यूयॉर्कच्या तुरुंगात मृतावस्थेत सापडला. वैद्यकीय परीक्षकांनी ती आत्महत्या ठरवली. त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरली आणि तिला २० वर्षांची शिक्षा झाली. मुख्य आरोपी मेल्यामुळे त्याच्यावरचा खटला मात्र कधीच चालला नाही, आणि जे साक्षीपुराव्यांतून न्यायालयात उघड झाले असते ते सरकारी दप्तरात राहिले.

हे दप्तर उघडणे एका आदेशाचे काम नव्हते. अमेरिकेत संघीय आरोप दाखल करण्यापूर्वी पुरावा ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवण्याइतका आधार आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या गुप्त मंडळासमोर, मांडला जातो आणि तेथील साक्षींची गुप्तता फौजदारी कार्यपद्धतीच्या नियमांतील सहाव्या नियमाने राखली जाते. माहितीच्या स्वातंत्र्याचा १९६६ चा कायदा नागरिकाला सरकारी कागद मागण्याचा हक्क देतो, पण चालू तपास आणि व्यक्तींचा खासगीपणा यांसाठी त्यात अपवाद आहेत. आपल्याकडील २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातही तपासाला अडथळा आणणारी माहिती नाकारण्याची अशीच तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने आणि एफबीआयने, कथित ग्राहकांची यादी सापडली नाही आणि आणखी काही उघड करणे योग्य नाही, असे निवेदन काढले. त्यावर संताप उसळल्यावर त्याच न्याय विभागाने ग्रँड ज्युरीच्या नोंदी खुल्या करण्यासाठी तीन न्यायाधीशांकडे अर्ज केले आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिन्ही न्यायाधीशांनी ते फेटाळले. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी तर सरकारच्या हाती असलेल्या इतर प्रचंड सामग्रीच्या तुलनेत या नोंदी अगदीच थोड्या आहेत, हेही दाखवून दिले.

यानंतर जे घडले ते बाजारभावाचा अर्थ लावू पाहणाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखे आहे. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन थॉमस मॅसी आणि डेमोक्रॅट रो खन्ना यांनी कागद खुले करण्याचे विधेयक मतदानास आणण्यासाठी एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या उपायाचा आधार घेतला. सभापतींनी अडवून धरलेले विधेयकही ४३५ पैकी २१८ सदस्यांच्या सह्या मिळाल्यास सभागृहापुढे आणता येते. या सह्या २१७ वर अडल्या. ॲरिझोनातून २३ सप्टेंबरच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या अदेलिता ग्रिहाल्वा २१८ वी सही करणार हे सर्वांना माहीत होते, परंतु सभागृह भरत नाही या कारणास्तव त्यांचा शपथविधी सात आठवडे लांबला. १२ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी सही केली. सहा दिवसांनी विधेयक ४२७ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले, सिनेटने ते एकमताने स्वीकारले आणि १९ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. या सात आठवड्यांत कागद खुले होण्याविषयीचा प्रत्येक सौदा वस्तुतः एका सदस्याच्या शपथेच्या तारखेवरचा सौदा होता, आणि त्या तारखेचा गुन्ह्याच्या सत्याशी काहीही संबंध नव्हता.

विधेयकाविरुद्ध पडलेले एकमेव मत लुइझियानाच्या क्ले हिगिन्स यांचे होते. साक्षीदार, नातेवाईक आणि ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही अशी माणसे यात भरडली जातील, असा त्यांचा आक्षेप होता. कायदा झाला हे योग्यच झाले, तरी हा आक्षेप पुढे निराधार ठरला नाही, ही नोंद करणे आवश्यक आहे.

‘कागद उघड झाले’ असे केव्हा म्हणायचे, हा सगळ्यांत अवघड प्रश्न होय. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी ॲटर्नी जनरल पॅम बॉन्डी यांनी ‘पहिला टप्पा’ असे लिहिलेल्या फायली समाजमाध्यमांवरील काही प्रभावी मंडळींच्या हाती दिल्या. त्यांतील बहुतेक मजकूर आधीच सार्वजनिक होता. २ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाच्या समितीने न्याय विभागाकडून मिळालेली ३३ हजारांहून अधिक पाने प्रसिद्ध केली. त्यांतही जुन्याचाच भरणा होता आणि ती प्रसिद्ध करणारे प्रशासन नव्हते, कायदेमंडळाची समिती होती. १२ नोव्हेंबरला आलेली २० हजारांवर पाने तर सरकारची नव्हतीच, ती एपस्टीनच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांकडून मागवलेली होती. १९ डिसेंबरला, कायद्याने दिलेली ३० दिवसांची मुदत संपताना, न्याय विभागाने काही भाग खुला केला, पण त्यातील कितीतरी पाने पूर्ण काळी केलेली होती आणि उरलेले कागद मागाहून येतील असे सांगण्यात आले. ३० जानेवारी २०२६ रोजी सुमारे ३० लाख पाने, दोन हजारांहून अधिक चित्रफिती आणि १ लाख ८० हजार छायाचित्रे आली. ‘३१ डिसेंबरपूर्वी सरकार एपस्टीनचे कागद उघड करील काय?’ असा साधा दिसणारा प्रश्न या पाच प्रसंगांसमोर ठेवला, तर उत्तर सौद्याच्या अटी कशा लिहिल्या आहेत यावर ठरते. ‘सरकार’ या शब्दात कायदेमंडळाची समिती येते काय, आधी प्रसिद्ध झालेले पान पुन्हा छापले तर ते ‘उघड करणे’ ठरते काय, आणि दहापैकी नऊ ओळी काळ्या असलेले पान उघड झाले असे म्हणायचे काय, या प्रश्नांची उत्तरे अटींच्या मजकुरात शोधावी लागतात. अशा बाजारात मुरलेले लोक बातमी वाचण्याआधी अटी वाचतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण पैसे घटनेवर मिळत नाहीत, घटनेच्या लिखित व्याख्येवर मिळतात.

ही व्याख्या लावणारा पंच कोण, हेही पाहिले पाहिजे. कालशीचा निकाल कंपनी स्वतःच्या नियमावलीप्रमाणे आणि सौद्यात नमूद केलेल्या स्रोतांच्या आधारे देते. पॉलिमार्केटवर निराळी पद्धत आहे. तेथे कोणीही हमीची रक्कम ठेवून निकाल सुचवू शकतो, ठरावीक वेळेत कोणी हरकत घेतली नाही तर तोच निकाल कायम होतो, आणि हरकती येत राहिल्या तर ‘युमा’ नावाच्या डिजिटल नाण्याचे धारक मतदान करतात, ज्यात जास्त नाणी असलेल्याचे मत अधिक वजनाचे असते. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जून २०२५ संपण्यापूर्वी सूट घालतील काय, या प्रश्नावर २० कोटी डॉलरहून अधिक उलाढाल झाली. नाटो परिषदेच्या वेळी त्यांनी घातलेल्या पोशाखाला अनेक वृत्तसंस्थांनी सूट म्हटले, तरी अखेरचा निकाल ‘नाही’ असा लागला. डोळ्यांना दिसणाऱ्या कपड्यांबाबत ही अवस्था असेल, तर लाखो पानांची ‘संपूर्ण प्रसिद्धी’ झाली की नाही हे अशा मतदानाने ठरवणे किती ठिसूळ असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आतल्या माहितीचा प्रश्न याहून गंभीर आहे. शेअरबाजारात कंपनीची गुप्त माहिती वापरून व्यवहार करणे गुन्हा आहे, पण वायदेबाजाराची परंपरा वेगळी होती, कारण शेतकरी आणि गिरणीमालक यांनी स्वतःच्या पिकाविषयीच्या व साठ्याविषयीच्या माहितीवर सौदे करावेत यासाठीच तो बाजार जन्मला. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने सरकारी नोकरांना अप्रकाशित सरकारी माहितीवर असे सौदे करण्यास मनाई केली. १९८३ च्या एका चित्रपटात संत्र्यांच्या पिकाचा चोरलेला सरकारी अहवाल वापरून श्रीमंत होण्याची कथा होती, म्हणून ही तरतूद त्यातील अभिनेता एडी मर्फी याच्या नावाने ओळखली जाते. एपस्टीनचे कागद तपासून त्यांवर काळे पट्टे मारण्याचे काम शेकडो वकील आणि तपासनीस करत होते, म्हणजे कोणते पान केव्हा बाहेर पडणार हे आधी कळू शकणारी माणसे शेकड्यांत होती, आणि सांकेतिक अक्षरांच्या खात्यामागे कोण आहे हे बाहेरच्याला सहज कळत नाही. त्यांच्यापैकी कोणी तसे केले असे म्हणण्यास आधार नाही. पण धोका काल्पनिकही नाही. जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलाचे निकोलस मादुरो यांना अमेरिकी सैन्याने पकडण्याच्या थोडे आधी पॉलिमार्केटवरील एका खात्याने त्यांच्या पदच्युतीवर पैसे लावून चार लाख डॉलरहून अधिक मिळवले, आणि त्यानंतर लगेच न्यूयॉर्कचे प्रतिनिधी रिची टॉरेस यांनी सरकारी पदाधिकाऱ्यांना असे सौदे करण्यास बंदी घालणारे विधेयक मांडले.

निकाल कोणाच्या हाती नसलेली पैज आणि निकाल कोणाच्या तरी हाती असलेली पैज यांतला भेद मुंबईच्या जुन्या सट्ट्यांत स्पष्ट दिसतो. एकोणिसाव्या शतकात तेथे पावसावर पैजा लागत, आणि तो जुगार असला तरी पाऊस कोणाच्या सहीने पडत नव्हता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर चालणारा आकडाही मुंबईतल्या कोणाच्या हाती नव्हता. १९६० च्या दशकात ते भाव येणे थांबले आणि मटक्यातून आकडा काढण्याची पद्धत आली, तेव्हा आकडा काढणाऱ्याच्या सचोटीवर सगळा खेळ येऊन ठेपला. सरकारी कागदांवरचा सौदा या तिसऱ्या प्रकारात मोडतो, आणि आकडा काढणारे येथे लोकांना उत्तरदायी असलेले अधिकारी आहेत. ज्या निर्णयावर पैज लावता येते त्या निर्णयाची वेळ पुढेमागे करण्याचा मोह अधिकारपदाच्या इतक्या जवळ आणून ठेवणे, हे कोणत्याही सुव्यवस्थित राज्याला परवडणारे नाही.

या सौद्यांतला सर्वांत आक्षेपार्ह प्रकार म्हणजे नव्या कागदांत कोणाचे नाव येईल यावरची पैज. तपासाच्या दप्तरात नाव येण्याची कारणे असंख्य असतात. पत्त्यांच्या वहीतील नोंद, विमानातील प्रवाशांची यादी, कोणीतरी पाठवलेले वृत्तपत्राचे कात्रण, निनावी फोनवरून मिळालेली न तपासलेली खबर, साक्षीदाराने सहज केलेला उल्लेख, या सर्वांतून नाव कागदावर येते आणि यांपैकी कशानेही गुन्हा सिद्ध होत नाही. सौद्यात मात्र हे सगळे एकाच पारड्यात पडते, कारण तेथे केवळ नाव सापडले की नाही एवढेच मोजले जाते, आणि एखाद्या नावाचा भाव चढला की त्या माणसाविरुद्ध काही सिद्ध झाल्याचा भास निर्माण होतो. एपस्टीन कायद्याने लाज, प्रतिष्ठेची हानी किंवा राजकीय अडचण या कारणांसाठी कागद दडवण्यास मनाई केली आणि पीडितांची ओळख उघड करणारा मजकूर झाकण्याची मुभा ठेवली. हा तोल विचारपूर्वक साधलेला होता. प्रत्यक्षात जानेवारीच्या प्रसिद्धीत काही पीडितांची नावे आणि ओळख पटवणारा तपशील झाकायचा राहून गेला, त्यांच्या वकिलांनी तक्रार केल्यावर न्याय विभागाला हजारो कागद संकेतस्थळावरून मागे घ्यावे लागले. मार्च २०२५ मध्ये केनेडी हत्येचे कागद घाईने खुले करतानाही हयात माणसांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक उघडे पडले होते.

घाईची किंमत कोण मोजतो, हे या दोन्ही उदाहरणांतून कळते. कागद लोकांचे आहेत आणि ते खुले झालेच पाहिजेत, आणि त्यासाठी लहानपणी अत्याचार सोसलेल्या ज्या स्त्रिया संसदेबाहेर उभ्या राहून बोलल्या त्यांच्याच आग्रहामुळे ही वाट मोकळी झाली. ठरावीक तारखेच्या मुदतीवर बांधलेला सौदा त्यांच्या मागणीला हातभार लावत नाही. काळजीपूर्वक नावे झाकण्यासाठी घेतलेला एक आठवडा त्या सौद्यात केवळ तोटा म्हणून मोजला जातो. अमेरिकी वायदे कायद्यात दहशतवाद, हत्या आणि युद्ध यांवरचे सौदे सार्वजनिक हिताविरुद्ध ठरवून रोखण्याचा अधिकार सीएफटीसीला आहे. गुन्ह्याच्या दप्तरातील नावांवरचे सौदे त्या यादीत लिहिलेले नाहीत, ते तेथे लिहिले जावेत.